रताळ्यांच्या ब्लॉगची साफसफाई

ब्लॉग कसा सांभाळायचा असं कुणी मला विचारायचा अवकाश, माझी गाडी सुटलीच म्हणून समजा. फोटो टाकायच्या आधी लहान करा, न्हायतर वाचक बिचारा गोल फिरणारं चक्र बघत बसतो. मथळा साधा ठेवा. "धरणीमातेचं सोनं" असं लिहिलं तर रताळी शोधणारा येणार न्हाय, सराफ येईल! कुणी दोन ओळी लिहून गेलं तर उत्तर द्या. दारात आलेल्याला आपण निदान 'या, बसा' तरी म्हणतोच की. बेळगावातल्या आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मी हे तोंड दुखेपर्यंत सांगते. एक गोष्ट सांगताना मात्र माझा आवाज आपोआप खाली येतो. ती मला खंडेनवमीला कळली.

ब्लॉग म्हणायला माझा, पण खरा आईचा. आमची कंग्राळीला रताळ्याची शेती. आई बोलते, मी टाईप करते. तीन वर्षांत त्यावर पुष्कळ फोटो जमले, पण त्यातला एक म्हणजे आमच्या घरचा कोहिनूर. आईनं कडेवर पोर घ्यावं तसं एक भलंमोठं रताळं घेतलंय आणि ती खदखदून हसतीय. बाकी सगळ्या फोटोंत आई रेशनकार्डाला उभी राहिल्यासारखी दिसते, म्हणून ह्याची किंमत.

निपाणीच्या मावशीला आई इंटरनेटवर दिसते हे पटतच नव्हतं. "इंटरनेटवर शिनिमातल्या बायका असत्यात. तू कुठली गं तिथं?" असं ती फोनवर आईला डिवचायची. आईला ते लागलं होतं. "दसऱ्याला ये तू. दाखवतोच तुला," आई म्हणाली, आणि पुढचे आठ दिवस मला रोज विचारत राहिली, "फोटू हाय न्हवं जाग्यावर?"

खंडेनवमीला आमच्याकडं विळे, खुरपी, फवारणीचा पंप, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडतात. माझा लॅपटॉपही त्यात असतो. मला वाटलं, वरून पुसतेच आहे तर आतूनही पुसू! जुन्या सूचना काढल्या, कुठंच न पोचणाऱ्या लिंका काढल्या. हातोहात काम होत होतं, मी अगदी रंगात आले होते. मग दिसला ऑनलाईन अल्बम. तेच सगळे फोटो तिथं परत! ब्लॉगवर आहेत की, मग इथं दुसऱ्यांदा कशाला? सगळे निवडले, उडवले. वर कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, सणाच्या दिवशी घाण कशाला ठेवा. आहे की नाही शहाणी?

तेवढ्यात आई आली, लॅपटॉप मिटला, त्याला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचं फूल ठेवलं. "आता उद्या सोनं वाटल्यावरच हात लावायचा."

मी हौसेनं मोबाईलवर आपली कामगिरी बघायला गेले. आई हसत होती तिथं एक करडा चौकोन. खाली आणखी एक. त्याच्या खाली आणखी. फोटो राहत होते अल्बममध्ये, ब्लॉग नुसता ते दाखवत होता! ज्या फोनवर आईचा तो फोटो काढला तो तर गेल्या वर्षीच पाण्याच्या टाकीत पडून मेला होता. मेले मी, मेले!

आणि गंमत बघा, आमच्या ब्लॉगवरचा दुसराच लेख बेण्यावर होता. पुढच्या लावणीसाठी जे वेल राखायचे, त्यातले निम्मे आई दरवर्षी निपाणीला मावशीच्या मळ्यात लावते. एका वर्षी आमचे वेल पाण्यानं कुजले, तेव्हा मावशीनं एस्टीतून भारा पाठवला होता. "बेणं कधी एका घरात ठेवू नये" हे वाक्य मी स्वतः ठळक अक्षरांत छापलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

दसऱ्याला दुपारी मावशी आली. आपट्याची पानं देऊन झाली, पाया पडून झालं. आईनं फोटोतलंच हिरवं लुगडं नेसलं होतं. चष्मा लावून ती मांडी घालून बसली. "उघड गं."

"आई," मी म्हणाले, "फोटो न्हाय. माझ्या हातनं पुसला गेला."

आई माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसली. "ऱ्हाऊ दे. कामं लई असत्यात तुला." मला रडूच फुटलं.

मावशी माझ्याकडं बघत होती. "काय बाई हाय!" म्हणत तिनं पिशवीत हात घातला आणि एक फुगलेली प्लास्टिकची फाईल काढली. आमचे सगळे लेख! पहिल्यापासून गेल्या महिन्यापर्यंत, निपाणीच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत काढलेले. सगळ्यात वर आई, रताळं कडेवर घेऊन, खदखदून हसत.

आई बघतच राहिली. "तू तर म्हणतीस, तू कुठली तिथं!"

"म्हणायचं असतंय तसं," मावशी म्हणाली. "तुझं वेल जपायचं आणि तुझा फोटू टाकून द्यायचा व्हय?"

आईनं फोटोवरून अंगठा फिरवला. "दात लई दिसत्यात गं माझं," म्हणाली, आणि मग दोघी अशा हसत सुटल्या की शेजारीण डोकावून गेली. मीही हसत होते, नाक पुसत.

मी तिथंच जमिनीवर बसून एकेका पानाचे फोटो काढून घेतले. फाईल आईच्या ट्रंकेत ठेवायला उठले, तर मावशीनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि परत आपल्या पिशवीत घातली.

"हे बेणं हाय," ती म्हणाली. "हे निपाणीलाच ऱ्हाणार."