आईनं ऐकलेला कायदा

शेजारच्या भांडणात आईची साक्ष हवी म्हणून हवालदार दारात येऊन सांगून गेले, "उद्या ठाण्यात या." तेव्हापासून आईनं तीनदा विचारलं, "जायलाच लागतंय का?" आमच्या घरातली कुणी बाई कधी ठाण्याची पायरी चढलेली नाही.

मी कॉलेजच्या वाचनालयातून कायद्याचं मराठी पुस्तक आणलं. साक्षीदार बाईला जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनीच तिच्या घरी यायचं असतं, असं त्यात होतं. मी मोठ्यानं वाचायला लागले तशी आईनं पदर डोक्यावर घेतला, पोथी ऐकताना घेते तसा.

"अगं, हे देवाचं नाही. पोलिसांना लावलेले नियम आहेत."

"त्यांनाबी नियम असत्यात?" ती हसली. "परत वाच. सावकाश."

मला नीट मांडता येईल की नाही, माहीत नाही. पण जे आपल्यापर्यंत कधी पोचतच नाही, त्याला आपण एकतर हात जोडतो, नाहीतर भितो. ज्यांच्या हाती काठी आणि बंदूक दिली आहे, त्यांना बांधणारे शब्द आपल्या भाषेत घरोघरी वाचता आले पाहिजेत. एवढं मात्र मी ठामपणे म्हणेन.

सकाळी मी ठाण्यात फोन करून, आई जबाब घरीच देईल, असं सांगितलं. दुपारी हवालदार घरी आले. आईनं त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली आणि दुसरी खुर्ची ओढून स्वतःही समोर बसली.

"इचारा साहेब," ती म्हणाली. "बघितलं तेवढं सांगते."