दाराआडून निवडलेला सायलेन्सर

माझ्या थोरल्या दिरांना गाण्याबजावण्याचं वेड नव्हतं. त्यांचा सगळा जीव फटफटीच्या आवाजात. घेतली त्याच वर्षी तिचा मूळचा सायलेन्सर त्यांनी काढून टाकला. धुळ्याला जाऊन दोन-चार लावून पाहिले, नापसंत केले, आणि एक आणला. जाड, सावकाश आवाज. नदीकडच्या रस्त्याला फटफटी लागली की आमच्या सैपाकघरात कळायचं. थोरली जाऊ हातातलं काम टाकून चहाचं आधण ठेवायची, आणि दीर ओसरीवर चढेपर्यंत चहा तयार. मी नवीनच लग्न होऊन आलेली, तोंडाने आगाऊ. तिला चिडवायचे, "जिजी, तुम्हना कान चुल्हापाशी शेतस का नदीवर?" ती लाजायची, पण आधण ठेवायला चुकायची नाही.

पुढे विषमज्वराने दीर गेले. आमच्यात विधवेने वर्षभर कोपरा धरायची चाल होती. जाऊ सैपाकघरात बसली ती बसलीच. ओसरीवर यायचं नाही, अंगणात दिसायचं नाही.

फटफटी काही दिवस गोणपाटाखाली झाकून होती. मग सासऱ्यांनी ती बाहेर काढली आणि शेतावर न्यायला लागले. झालं. दिवस मावळताना तोच आवाज, त्याच रस्त्याने. जाऊ उठायची, पातेल्यात पाणी ओतायची, आणि मग तिला आठवायचं. ते पाणी मोरीत टाकून ती परत कोपऱ्यात बसायची. रोज हेच. मला सासऱ्यांचा असा संताप यायचा! दारात गाडीबैल होते, घोडी होती. या माणसाला बसायला फटफटीच सापडली? एकदा सासूजवळ बोलून दाखवलं. ती उंबऱ्यात रस्त्याकडे तोंड करून बसलेली असायची. म्हणाली, "आवाज तरी घर येस ना."



वर्ष सरलं तरी जाऊ उठेना. भाऊ माहेरी न्यायला आला, तर त्याला रिकामा परत पाठवला. संध्याकाळी आपण घरी नसलो तर, एवढंच त्याला म्हणाली. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, पुन्हा येतो, असं सांगून तो बिचारा डोळे पुसत गेला. मला धास्ती बसली, ही बाई अशीच आधण ठेवत म्हातारी होणार.

आखाजीच्या तोंडावर सायलेन्सर गंजून फुटला. फटफटी फाटक्या ढोलासारखी वाजायला लागली आणि मला मनातून बरंच वाटलं. पण सासऱ्यांनी शहाद्याहून मिस्तरी बोलावला. तो पोतं भरून जुने-नवे सायलेन्सर घेऊन आला. सासऱ्यांची अट एकच, "मन्हा पोऱ्याना आवाज जोयजे."

अंगणात एकेक सायलेन्सर बसायला लागला. मिस्तरी किक मारायचा, सासरे डोळे मिटून ऐकायचे आणि हातानेच 'काढ' म्हणायचे. त्यांचे कान भारी तिखट. घरात बसून, चाकाच्या आवाजावरून कोणाची गाडी चालली ते सांगायचे.

मग एक सायलेन्सर बसला, किक पडली. तोच आवाज. सासरे मटकन ओट्यावर बसले. सुनेशी सासऱ्याने बोलायची रीत नव्हती, म्हणून उंबऱ्यातल्या सासूला म्हणाले, "तिले इचार, हाऊच ना?"

सासू आत वळली. जाऊचा हात तेव्हा पातेल्यावर होता. सासूने पाहिला, तिच्यामागे उभी राहून मीही पाहिला. जाऊने तो मागे घेतला, पदराखाली धरला आणि म्हणाली, "नई. हाऊ नई."

सासू तिच्याकडे बघत राहिली. डोळ्यांनी पाहिलं तेवढं सांगितलं असतं तर मुलाचा आवाज घरात राहिला असता. सासू बाहेर वळली. "नई म्हनस."

मिस्तरी चक्रावला. त्याने हाती लागला तो दुसरा चढवला. त्याचा आवाज कोरडा, घाईचा, पिठाच्या चक्कीसारखा. किक पडते न पडते तोच जाऊ म्हणाली, "हाऊच."

"हाऊच म्हनस," सासूने बाहेर सांगितलं.

"दादा, आधीचाच तर—" मिस्तरी बोलायला लागला. सासऱ्यांनी हात वर केला. "मन्हा कान आते गयात. ती म्हनस तेच खरं. हाऊच बसाडी दे."

ते उठून गोठ्याकडे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. वर्षभर मी ज्या माणसावर मनातल्या मनात चिडत आले, त्याच्याबद्दल त्या दिवशी मला रडू आलं.

आखाजीला भाऊ आला. जाऊ गाडीत बसली. निघताना तिने सासूच्या पायांवर डोकं ठेवलं ते लवकर उचललं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी सासू रोजच्यासारखी उंबऱ्यात बसली होती. मी आत भाकरी थापत होते. नदीकडून कोरडा, घाईचा आवाज आला, जवळ आला, अंगणात थांबला. सासूने मान वर केली नाही.

"कोन उनं वं?" तिने मला विचारलं.

सासरे आले, असं मी सांगितलं, आणि चहाचं आधण ठेवायला उठले.