वहिनीच्या फायलीतला गूळ

दुसऱ्याच्या गप्प बसण्याची एवढी हौस असलेली बाई आमच्या वहिनीशिवाय अख्ख्या सोलापुरात सापडली, तर मी माहेरी यायचं सोडून देईन. वहिनी इंजिनिअरिंग कॉलेजात नेटवर्क शिकवते. तिथं पोरांसाठी कॉम्प्युटरच्या आत एक खोटं नेटवर्क चालवतात, आणि खोटं का असेना, त्यातून काहीतरी धावायला हवं म्हणून ट्रॅफिकच्या फायली तयार कराव्या लागतात. नेटवर्कमधून माहिती तुकड्यातुकड्यानं जाते, त्या तुकड्याला म्हणायचं पाकीट. फायलीत दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा: आधीच्या पाकिटानंतर किती वेळानं, आणि पाकीट केवढं. सगळं बायनरी, म्हणजे यंत्राच्याच भाषेत. आपण उघडून बघावं, तर वाळत घातलेल्या कुरडयांवर कावळे नाचून गेल्यासारखं दिसतं. बाकीचे मास्तर एक फॉर्म्युला लावतात आणि चहाला जातात. वहिनीला ते पटत नाही. "फॉर्म्युल्याचं ट्रॅफिक लई शहाण्यासारखं वागतंय," म्हणते, "माणसं कुठं असं बोलतात?"

म्हणून ती माणसंच वापरते. समोरचा बोलायला लागला की लॅपटॉपची कळ दाबून धरायची, थांबला की सोडायची. बोलणं झालं पाकीट, थांबणं झालं गॅप. भाजीवाली, शेजारीण, माझे यजमान, कुणी म्हणून सुटलेलं नाही. एकदा विमा एजंट आला. बाई आपलं सगळं टिपून घेतायत असं वाटून बिचारा असा खुलला, की बोनस दोनदा समजावून सांगितला. शेवटी वहिनीनं त्याच्यापुढं भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, जरा श्वास घेत जावा. तुमच्यात गॅपच नाही की हो." पॉलिसी राहिली ती राहिलीच, पण तो दिवाळीला फराळाला मात्र आला.

मग आमच्या आईला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण बोलणं तुटलं. एक शब्द यायचा आणि पुढचा वाटेतच अडकायचा. दादाचा जीव कळवळायचा, म्हणून तो घाईघाईनं विचारायचा, "पाणी? चहा? पंखा लावू?" मीही तेच करायची. हळूहळू आई नुसती मान हलवू लागली. डॉक्टर म्हणाले, बोलत्या राहिल्या नाहीत तर आहे तेही जाईल. आम्ही हातपाय गाळून बसलो.

वहिनी लॅपटॉप घेऊन आईपुढं बसली. "आई, मला कॉलेजला फाइल द्यायचीय. तुमच्याएवढे मोठे गॅप घरात कुणाकडं नाहीत. हुग्गी, ती गव्हाची खीर, कशी करायची सांगा की." आई सांगू लागली. दादानं मधेच तोंड उघडलं, तशी वहिनी म्हणाली, "गप बसा, माझी फाइल बिघडंल." सांगण्यातला गहू कांडून शिजेपर्यंत दुपार कलली आणि गूळ पडेपर्यंत चहाची वेळ टळली. पण हुग्गी पुरी झाली. मग रोज दुपारी नवी फाइल. महिन्या-दोन महिन्यांत आई दादाला रागावण्याइतपत बोलू लागली, तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली आणि चिमूटभर वहिनीच्या तोंडातही घातली.

हल्ली आईचं वय दिसतं. शब्द पुन्हा अडतात. परवा वहिनीनं ती हुग्गीची पहिली फाइल त्या खोट्या नेटवर्कात लावली. पडद्यावर एका गोलातून निळा ठिपका निघाला, पलीकडच्या गोलात गेला. मग दुसरा. मग काहीच नाही. मला वाटलं कॉम्प्युटर अडकला, म्हणून मी हात पुढं केला.

मागून आई म्हणाली, "थांब की... गूळ... यायचाय."

मी हात मागं घेतला. आम्ही तिघी पडद्याकडं बघत बसलो, आणि बऱ्याच वेळानं तो आला.