मनिऑर्डर न घेणारा बाबू

कटंगीच्या डाकघरात मनिऑर्डरच्या खिडकीवर एक बाबू होता. पैसे पाठवायले गेलं की सोयरीक जमवायले आल्यासारखा विचारे, "कोणाले पाठवता? तो तुमचा कोण? त्याचं तोंड पाहिलं का कधी?" मले राग ये. पैसे माहे, याले काय करायचं आहे?

एका बाजाराच्या दिवशी एक जण मले शोधत आला. "नागपुरात तुमच्या पोरासंगं शिकतो," म्हणाला. "तो दवाखान्यात पडला आहे. त्याले सही करता येत नाही. तारेनं माह्या भावाच्या नावावर पैसे पाठवा." त्याले घेऊनच खिडकीवर गेलो.

सगळं ऐकून बाबूनं पैसे परत सरकवले. "हे मी घेत नाही."

"काहून? पोरगा तुहा आहे का?"

"तुमचाच आहे काकाजी, म्हणून तुम्हीच जा. तुमसरची मोटर उभी आहे, तिथून नागपूरची गाडी भेटते. पैसे कमरेले खोचा अन् दवाखान्यात आपल्या हातानं द्या." मग त्या माणसाले म्हणाला, "तुम्ही बी बसा संगं. रस्ता दाखवा."

तो माणूस पान खाऊन येतो म्हणून गेला, तो आलाच नाही. तरी माहा जीव राहीना. मी नागपूरले गेलो. पोरगा वसतिगृहात मजेत जेवत बसला होता.

परत आल्यावर खिडकीवर गेलो, ताठच. "पोरगा बरा आहे," एवढंच बोललो.

बाबूनं हातातला शिक्का खाली ठेवला. "बरं झालं काकाजी. तुम्ही गेल्यापासून मले घास उतरत नव्हता. तो खरंच आजारी असता तर?"