पुलीवरची खाच

दादाला दिसत नाही, ही कुजबुज पहिल्यांदा कानावर आली तेव्हा दादा समोरच स्टुलावर बसला होता. रस्त्यापलीकडे कोण कुणाच्या स्कूटरवर मागे बसलंय, ते तिखटमीठ लावून सांगत होता.

"लांबचं दिसतं हो," त्याचा धाकटा भाऊ माझ्या कानाशी लागला, "जवळचं गेलंय. कुणाला बोलू नका."

'कुणाला बोलू नका' याचा अर्थ आमच्या गल्लीत सगळ्यांना बरोबर कळतो. संध्याकाळपर्यंत बातमी पेट्रोलपंपावर पोचली होती.

गॅरेज दोघा भावांचं, पण नाव दादाचं. जुन्या पेट्रोल ट्रकचं टायमिंग लावावं तर दादानंच. धाकटा पन्नाशीला टेकला तरी चाकं उतरवायचा आणि शिव्या खायचा. दादाची जीभ म्हणजे करवत. एकदा गिऱ्हाइकासमोर धाकट्यानं डिस्ट्रिब्यूटरला हात लावला, तर दादानं बोटांवर पान्हा हाणला. म्हणाला, "आधी हात धुऊन ये. आणि मग परत लावू नकोस." गिऱ्हाईक हसलं, आम्ही हसलो, धाकटाही हसला. त्याचं नख पुढे काळं पडून गळालं.

टायमिंगचं गणित तसं साधं. इंजिनाच्या पुढच्या पुलीवर एक बारीक खाच असते. पहिला पिस्टन पार वर आला की ती समोरच्या काट्याला भिडते. तिथे पुली थांबवायची, डिस्ट्रिब्यूटर फिरवून ठिणगी त्या क्षणाशी जुळवायची, बोल्ट आवळायचा. बाकीचे मिस्त्री प्लगच्या भोकात तार घालून पिस्टन खरंच वर आलाय का ते बघतात. दादा नाही. तो अंगठ्यानं खाच चाचपायचा, तिच्यात पांढऱ्या रंगाचा ठिपका भरायचा, झालं. "तार आंधळ्यांनी घालावी," असं म्हणायचा. त्याचा आणखी एक कायदा होता: ज्यानं टायमिंग लावलं, इंजिन सुरू करायला पुढून फिरवायचं ते पहिलं हँडल त्यानंच मारायचं.

अफवा फिरत फिरत ट्रकमालकापर्यंत गेली. त्याचे चार ट्रक, चारही याच गॅरेजात यायचे. एका सकाळी तो आला आणि आठवडाभर उघडून ठेवलेल्या ट्रकाकडे त्यानं बोट केलं.

"दादा, याचं टायमिंग माझ्यासमोर लावा. सुरू झाला तर चारही तुमच्याकडे. नाही झाला तर इथून पुढे माझ्या गाड्यांना धाकटा हात लावील, तुम्ही नाही."

"पहिल्या हँडलला सुरू होईल," दादा म्हणाला. "नाही झाला तर उद्यापासून बोल्ट धूत बसेन."

गल्ली गोळा झाली. वहिनी, म्हणजे दादाची बायको, पदराला हात पुसत दारात उभी राहिली. धाकट्याला तर भावाचा नुसता उमाळा आला होता. "दादा, टॉर्च धरू का? कुणाचा चष्मा आणू का?"

"तुझं तोंड धर."

दादानं पुली पुसली. अंगठा फिरवला. खाच लागली. ठिपका भरला, काट्याला भिडवला, डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवला, बोल्ट आवळला. मग हँडल बसवून आमच्याकडे वळून म्हणाला, "घड्याळं जुळवून घ्या रे!"

हँडल अर्ध्यावर आलं आणि उलटं फिरलं. पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी पडली होती. मनगट मोडल्याचा आवाज इंजिनाच्या दणक्यापेक्षा लहान होता, पण ऐकू सगळ्यांना आला.

"घड्याळं किती मागे करू, दादा?" मागून कुणीतरी विचारलं, आणि गल्ली फिसकन हसली.

"वहिनी, यांचे डोळे दाखवून घ्या," ट्रकमालक म्हणाला. मनगटाबद्दल कुणी बोललंच नाही.

धाकटा पुढे झाला. त्यानं प्लगच्या भोकात तार घातली, निवांत टायमिंग लावलं आणि हँडल मारलं. ट्रक पहिल्याच झटक्यात धडधडू लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मनगट वाकडं जुळलं. दुसऱ्याच महिन्यापासून दादा गॅरेजच्या दाराशी बसून डाव्या हातानं रॉकेलमध्ये बोल्ट धुऊ लागला. शब्दाचा पक्का माणूस. धाकट्यानं कुठूनसा बाटलीच्या बुडासारखा चष्मा आणला. "घाला दादा, माझ्यासाठी." डोळे कुणी तपासलेच नाहीत. चष्मा चढवल्यावर दादाला समोरची चौकट दिसेना, कपाळ आपटलं. "बघ, गेलेच की गं डोळे," तो वहिनीला म्हणाला आणि चष्मा आणखी घट्ट बसवला.

पुढे वहिनी त्याला हाताला धरून रस्ता ओलांडवायची. आम्ही इकडून ओरडायचो, "दादा, खड्डा!" खड्डा नसायचा. दादा गुडघा छातीपर्यंत उचलून तो ओलांडायचा. पोट दुखेपर्यंत हसायचो आम्ही. सहा वर्षं हा खेळ आम्हाला पुरला. मग दादा गेला, चष्म्यासकट.

त्यानंतर वर्षभरात तो ट्रक भंगारात निघाला. भंगारवाल्यानं पुली तापवली तेव्हा एका जागी कथील वितळून गळालं आणि खालून एक जुनी खाच निघाली. पुलीवर खाचा दोन होत्या.

दादाचे डोळे ठणठणीत होते. खरी खाच धाकट्यानं कथील भरून बुजवली होती, आणि तीन बोटं अलीकडे कानशीनं दुसरी पाडली होती.