मरळीच्या टाकीवरचं जाळं

पीएच.डी.चा विषय सांगितला की आमच्या नात्यातली माणसं जरा सरकून बसत. ‘शिशाच्या विषबाधेचा मरळ माशाच्या अवयवांतील एन्झाइमांवर होणारा परिणाम.’ धारूरच्या मावशीनं तर तोंडावर विचारलं, "माशांनी तुझं काय वाकडं केलं रे?" मी मात्र ताठ मानेनं हिंडायचो. मराठवाड्यातल्या मरळीच्या यकृताबद्दल आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असा माझा ठाम समज होता.

अंबाजोगाईच्या कॉलेजात माझ्या दोन टाक्या होत्या. एकीच्या पाण्यात मापानं शिशाचा क्षार, दुसरीत नुसतं स्वच्छ पाणी. काही आठवड्यांनी दोन्हींतल्या माशांचं यकृत वाटून त्यात रसायनं घालायची. एन्झाइम जागं असेल तर परीक्षानळी गुलाबी होते, शिशानं मारलं असेल तर फिकी राहते. स्वच्छ टाकी गुलाबी आणि शिशाची फिकी, एवढं दाखवलं की प्रबंध उभा. घाई एकच होती. माझे सर त्या वर्षअखेर निवृत्त होणार होते आणि मी त्यांचा शेवटचा विद्यार्थी. त्याआधी काम संपलं नाही, तर दुसऱ्या गावी, दुसऱ्या मार्गदर्शकाकडं, दुसऱ्याच विषयाचा श्रीगणेशा.

पण स्वच्छ टाकीतल्या मरळी भलत्याच तरतरीत. उडी मारून थेट फरशीवर. सकाळी दार उघडलं की एखादी कपाटाखाली सापडायची. शिशाच्या टाकीतल्या बिचाऱ्या सुस्त, त्यांना उड्या कुठल्या सुचतात! मी मासे पुरवणाऱ्या चाचांना गाठलं.

"चाचा, झाकायला काहीतरी द्या ना."

"जुनं फेकजाळं हाय, घेऊन जा. पण सर, मासे पळून जातात म्हंजे तुमी त्यांना लई शिकवता का काय?"

जाळं टाकीपेक्षा मोठं. कडा बाहेर लोंबायच्या, पायात यायच्या. मी डोकं चालवलं आणि त्या गुंडाळून टाकीच्या आत सोडल्या. वजनानं जाळं कसं मस्त ताणून बसलं! पुढं पुढं तर मरळींनी उड्याच सोडल्या. मी सरांना अभिमानानं सांगितलं, "सर, शिस्त लागली त्यांना."

चाचणीच्या दिवशी शिशाच्या टाकीची नळी फिकी आली. उत्तम. मग स्वच्छ टाकीची. तीही फिकी. रसायनं बदलली, भांडी पुन्हा धुतली. फिकीच. वर्ष अर्धं सरलेलं आणि माझ्या हातात दोन सारख्या पांढऱ्याफटक नळ्या.

सर शांत. "स्वच्छ टाकीच्या नळीत जस्त टाकून बघ," म्हणाले. या एन्झाइमात जस्ताची ठरलेली जागा असते. एसटीत रुमाल टाकून धरलेल्या सीटवर भलताच माणूस येऊन बसावा, तसं शिसं त्या जागेवर बसतं. जस्ताची गर्दी वाढवली की ते उठतं. मी जस्त टाकलं आणि नळी हळूहळू गुलाबी झाली. म्हणजे एन्झाइम ठणठणीत होतं, सीट शिशानंच अडवली होती.

"स्वच्छ टाकीत शिसं आलं कुठून?" सर म्हणाले. "टाकीत काय काय आहे तुझ्या?"

"पाणी, हवेची नळी, मासे. आणि जाळं."

"जाळं बुडतं कशानं?"

मी टाकीशी जाऊन जाळ्याची कड वर ओढली. जाळ्याच्या कडेला ओळीनं गोळ्या ओवलेल्या असतात. शिशाच्या. ती आख्खी माळ मीच गुंडाळून पाण्यात सोडली होती. माझ्या मरळींना शिस्त वगैरे काही लागली नव्हती.

चाचांचं जाळं परत केलं. "कावून एवढ्या लवकर?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "मासे सुधारले." शिशाच्या टाकीचं काम झालंच होतं. तिसरी टाकी मांडली, तिच्यावर नायलॉनची मच्छरदाणी ताणून बांधली आणि रोज सकाळी कपाटाखाली वाकून बघायचो. या खेपेला नळी अशी गुलाबी आली, की मी ती धरून व्हरांड्यात धावलो. सर म्हणाले, "पळू नकोस, सांडेल. आणि जाळ्याची टाकी फेकायची नाही. घडलं तसं लिही. गोळ्यांचं शिसं पाण्यात उतरतं, हेही लोकांना कळू दे."

सरांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले असताना तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध चाळला आणि जाळ्याच्या प्रकरणावर बोट ठेवलं. "हे फार आवडलं. टाकीत शिशाच्या गोळ्यांचं जाळं सोडायचं, ही कल्पना कुणाची?"

मी सरांकडं बघितलं. सरांनी चष्मा पुसून घेतला.

"त्याचीच," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला सुचणं शक्यच नव्हतं."