मथुराबाई कपाशीत गेली

अर्पिता शाळेत शिकवून घरी आली तेव्हा दार सताड उघडं आणि तिची माय, मथुराबाई, गायब. एरवी म्हातारी माणसं शेजारीपाजारी जाऊन बसतात, त्यात काय एवढं! पण हे दिवस वाघाचे होते. पैनगंगा ओलांडून आलेला वाघ दिवाळीपासून तामसी गावाच्या रानात फिरत होता. परवाच नाल्याकाठी एक गोऱ्हा फाडलेला सापडला. बायका कपाशी वेचायला घोळक्यानं जायच्या, वेचताना मुद्दाम मोठमोठ्यानं बोलायच्या आणि उन्हं कलायच्या आत घर गाठायच्या. शेजारीण म्हणाली, "तुही माय नाल्याकडच्या वावरात जाताना दिसली. म्या हाक देल्ली, पन थांबलीच नाई."

आता बोला! जन्मभर सावलीला भ्यायलेली बाई आणि नेमकी वाघाच्या रानात एकटी. दोन वर्षांपासून मथुराबाईचं डोकं जाग्यावर नव्हतं. कधी परकी बाई समजून लेकीला ओरडायची, कधी मेलेल्या नवऱ्याची भाकरी झाकून ठेवायची. दारं लावून घे म्हणून किती वेळा सांगितलं शेजारणीला, असं मनात म्हणत अर्पिता तशीच, खांद्यावरच्या पर्ससकट, नाल्याकडे धावली.

मथुराबाईही नदीपलीकडचीच. यवतमाळकडच्या तिच्या गावात पावसानं पाठ फिरवली, तेव्हा नवऱ्यामागं डोक्यावर गाठोडं घेऊन ती पैनगंगा उतरली आणि या तेलुगू मुलखात मजूर झाली. इथली भाषा तिला शेवटपर्यंत आली नाही. महसुलाचा गिरदावर नाहीतर कुणी साहेब वस्तीत आला की ती दाराआड उभी राहायची. नवरा लवकर गेला. पदरात तान्ही लेक. मग काय, दिवसभर लोकांच्या वावरात वेचायचं आणि संध्याकाळी हातपाय धुऊन बुद्धाच्या फोटोपुढं बसायचं. वंदनेची एक ओळ लेकीनं म्हणायची, पुढची मायनं. अंगात ताप असो की घरात पीठ नसो, वंदना अर्धी राहिलेली तिला खपायची नाही. लेक मधेच पेंगली तर पाठीत धपाटा बसायचा. बाकी सगळ्या जगाला भिणारी बाई त्या वेळेपुरती ताठ बसायची, याचं अर्पिताला लहानपणी फार नवल वाटे.

नाल्याजवळ चंपतकाकांनी आधीच माणसं गोळा केली होती. चंपतकाका शेजारच्या वावराचे मालक, गावात त्यांचा शब्द चालायचा. पोरांनी तेलाचे रिकामे डबे बडवायला घेतले होते. मधूनच फटाक्यांची लड फुटायची. "ओ मथुराबाईऽऽ! कुठं हायस वोऽऽ!" असा नुसता कल्ला चालला होता. खांद्याला लागेल एवढी कपाशी आणि तिच्यात कुठंही हालचाल नाही. ऊन पिवळं पडत चाललं होतं. नाल्याच्या ओल्या गाळात कुणीतरी काठीनं वर्तुळ आखून ठेवलं होतं. आत पंजा होता. ताजा, पाण्यानं भरत चाललेला.

"एवढ्या आवाजात येत काऊन नाई ही?" चंपतकाका वैतागून म्हणाले. "बहिरी झाली का?"

बहिरी नव्हती. उलट दारावरची पाल चुकचुकली तरी दचकायची. आणि एकाएकी अर्पिताच्या लक्षात आलं, माय ऐकते आहे. म्हणूनच येत नाही! तिच्या लहानपणी मालकाची वेचणी संपली की बोंडांत राहिलेला कापूस वेचायला गरीब बायका चोरून शिरायच्या. मग राखणदार असेच डबे बडवत, शिव्या देत यायचे. मथुराबाई लेकीला छातीशी घट्ट धरून झाडांच्या बुडाशी बसायची आणि तिच्या तोंडावर हात दाबून ठेवायची. डबे वाजायचे थांबेपर्यंत तो हात निघायचा नाही.

"काका, डबे बंद करा."

"येडी झाली का तू?" चंपतकाका खवळले. "आवाजानं दबून राह्यला तो. डबे थांबले का तो निंगते. पंजा पाह्यला ना डोळ्यानं?"

"पाह्यला. पन डबे वाजले तर माय निंगत नाई, काका. अंधार पडला तर मंग काय?"

बरंवाईट झालं तर उद्या कुणाच्या माथी, हा प्रश्न चंपतकाकांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होता. शेवटी त्यांनी हात वर केला. डबे थांबले.

बाई गं, ती शांतता! कल्ला परवडला, असं वाटलं अर्पिताला. ती कपाशीत शिरली. वाळलेली पानं पायाखाली चुरचुरत होती आणि प्रत्येक पावलाला तिला वाटायचं, हे माझंच पाऊल ना? उजवीकडे काहीतरी खसखसलं. ती जागच्या जागी गोठली. मागं पळावं की काय! पळावं असं खरंच वाटलं तिला, आणि त्याची लाज वाटायलाही वेळ नव्हता. डोळे मिटून तिनं वंदनेची पहिली ओळ म्हटली. आवाज फाटला. तिनं तीच ओळ पुन्हा म्हटली, जरा मोठ्यानं.

डावीकडून, अगदी जमिनीलगत, बारीक आवाजात पुढची ओळ आली.

मथुराबाई दोन झाडांमध्ये उकिडवी बसली होती. पदराची झोळी करून तिनं कापूस भरला होता आणि ती झोळी छातीशी आवळून धरली होती. अर्पिताची साडी, पर्स बघून ती आणखीच आक्रसली.

"बाई, राखनदाराले सांगू नका."

"माय, मी हाओ. अर्पी."

"अर्पी?" म्हातारीनं झोळीकडे बोट दाखवलं. "अर्पी हे काय. निजली आता." मग तिनं अर्पिताला खालीवर न्याहाळलं. "तुमी शिकलेल्या दिसता. एवढं काम करा माह्यं. शाळेतले मास्तर इचारते, कुठले तुमी म्हनून. आमी इथलेच हाओ म्हना. नदीपल्याडचे म्हनलं त वापस धाडतीन. मंग पोट्टीची शाळा जाते."

उजवीकडे पुन्हा खसखस झाली, या वेळी जवळ. हात धरून ओढत न्यावं तर माय किंचाळणार. अर्पिता वर्गात बोलायची तशाच आवाजात म्हणाली, "मीच मास्तरीण हाओ बाई. नाव घातलं तिचं शाळेत. तुमी इथल्याच. कोनी नाई धाडत."

मथुराबाई उठली आणि पदर सोडून कापसाचा गोळा तिच्या हातांत ठेवला. "हळू धरा. जागी झाली त भेते."

एका हातानं कापूस छातीशी धरून, दुसऱ्या हातात मायचा हात घेऊन अर्पिता चालू लागली. मागं बघायची तिची छाती झाली नाही. बांध दिसला, त्यावर चंपतकाका काठी घेऊन उभे दिसले, आणि तिला रडू फुटलं.

"भेटली का वो?" काका लांबूनच ओरडले. "वाजवा रे डबे!"

मथुराबाई झटकन खाली बसली. अर्पितानं डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, काका," ती म्हणाली. "पोर निजली हाये."